गावाकडं आईबाबांसाठी फ्री डिश घेऊ का आहे तेच डीटीएच चालू ठेवू?

आजऱ्याची_लेक

नमस्कार, एक सल्ला पाहिजे. आईबाबा आजरा तालुक्यात गावी असतात, मी नोकरीला पुण्यात. घरी 7-8 वर्षांपासून एका खासगी कंपनीचं डीटीएच आहे आणि रिचार्ज मी इथनं मोबाइलवरून मारते, आता महिन्याला 350 च्या आसपास जातात. बघायचं म्हणाल तर बाबा बातम्या, सह्याद्री आणि भारताची मॅच, एवढंच. आई संध्याकाळी 7 ते साडेनऊ मालिका, त्या पण झी मराठी आणि स्टार प्रवाह या दोनच चॅनेलवरच्या. बाकीचे चॅनेल कुणी लावून पण बघत नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या गडबडीत माझ्याकडनं रिचार्ज मारायचं राहून गेलं. बाबांनी तीन दिवस काही सांगितलंच नाही, पोरीला कशाला त्रास म्हणून दोघं गप बसले, चौथ्या दिवशी आईनं बोलता बोलता सांगितलं की टीव्ही बंदच आहे म्हणून आम्ही लवकर झोपतोय. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तेव्हापासनं डोक्यात आहे की असं काहीतरी पाहिजे जे रिचार्ज विसरलं तरी बंद पडणार नाही.

गडहिंग्लजला दुकानात चौकशी केली तर फ्री डिशचे दोन बॉक्स दाखवले, एक स्वस्तातला आणि एक त्याच्यापेक्षा 500 रुपयांनी महाग, दोन्हीत फरक काय विचारलं तर म्हणे दोन्ही चांगलेत. खरंच आयुष्यभर फुकट असतं का? आहे ती छत्री चालेल का नवीन घ्यावी लागेल? आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते तिकडच्या लोकांना माहितीच आहे, तेव्हा चालतं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

सोलापुरी_चादर

ताई आमच्याकडं फ्री डिश लावून 6 वर्षं झाली, एकदाच पैसे घातले त्यानंतर एक रुपया नाही, त्यामुळे फुकट आहे का तर हो खरंच आहे. प्रसार भारतीची सरकारी सेवा आहे, डिसेंबर 2004 ला डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली तेव्हा 33 चॅनेल होते, आता देशात 4 कोटींच्या वर घरात आहे. फक्त एक लक्षात ठेवा, कुणी घरी येऊन किंवा फोन करून फ्री डिशचं रिन्यूअल आहे, अमुक पैसे भरा म्हणालं तर एक पैसा देऊ नका, आमच्या शेजारच्या आजींकडनं एकजण 500 रुपये असेच घेऊन गेला. फ्री डिशला रिन्यूअल हा प्रकारच नाही.

पण आईंचं काय ते आधी बघा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी हे मोठे मालिकांचे चॅनेल फ्री डिशवर नाहीत. ते पे चॅनेल आहेत. फ्री डिशवर मराठीत सह्याद्री कायम असतं, बाकी शेमारू मराठीबाणा, सन मराठी, फक्त मराठी, झी चित्रमंदिर असे चॅनेल गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या वेळी येऊन गेलेत, मराठी न्यूजवाले पण असतात. येऊन गेलेत असं मुद्दाम म्हणतोय कारण फ्री डिशवर जागेचा लिलाव होतो, चॅनेलवाले कोट्यवधी रुपये भरून जागा घेतात, आणि बरेचसे बदल 1 एप्रिलला होतात. माझी आई एका चॅनेलवर रोज दुपारी जुने मराठी सिनेमे बघायची, एका एप्रिलला सकाळी टीव्ही लावला तर त्या नंबरवर भलतंच चॅनेल, बिचारी रिमोट बिघडला समजून दोन दिवस सेल बदलत होती. हिंदीत तर याहून मोठं झालंय, मार्च 2019 ला झी, स्टार, सोनी आणि व्हायकॉम या चौघांनी आपले फुकट असलेले हिंदी चॅनेल एकदम काढून घेतले, मग 2020 ला परत आणले, एप्रिल 2022 ला परत काढले. त्यामुळे आज शेजारी जे दिसतंय ते बघून घेऊ नका.

छत्रीवाला_सीमाभाग

मी 15 वर्षं हेच काम करतोय, आजरा चंदगड उत्तूर सगळीकडं छत्र्या बसवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं बॉक्सचं. दुकानदारानं दोन्ही चांगलेत म्हटलं ते चुकीचं सांगितलं. स्वस्तातला असणार तो एमपीईजी 2 चा, महागातला एमपीईजी 4 चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायची एक जुनी आणि एक नवी पद्धत. फ्री डिशवर दोन्ही पद्धतीचे चॅनेल येतात, एमपीईजी 2 च्या बॉक्सवर त्यातले निम्मेच समजा, एमपीईजी 4 वर सगळे. डीडी नॅशनल एचडी, डीडी न्यूज एचडी हे पण एमपीईजी 4 वरच. 500 रुपये वाचवून पुढं दहा वर्षं अर्धा टीव्ही बघायचा याला काय अर्थ आहे. खोक्यावर एमपीईजी 4 किंवा एच.264 आणि डीव्हीबी-एस2 असं छापलंय का ते स्वतः वाचून घ्या, नुसतं एचडी असं स्टिकर लावलेलं असलं तर त्याच्यावर जाऊ नका. आणि टीव्ही नवीन असला तर बॉक्स घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागं एलएनबी किंवा सॅटेलाइट असं लिहिलेलं भोक आहे का बघा, काही टीव्हीत आतच ट्यूनर असतो, 2022 ला बीआयएसनं (भारतीय मानक ब्यूरो) त्याचं मानक पण काढलंय, मग वायर थेट टीव्हीला लावली की झालं.

आता छत्री. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट 15, तो 93.5 अंश पूर्वेला. खासगी कंपन्यांचे सगळे वेगळ्या जागी, टाटा प्ले 83 ला, डीटूएच 88 ला, डिश टीव्ही 95 ला, एअरटेल 108 ला. तुमची कंपनी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही पण त्यावर ठरतंय की छत्री किती फिरवायची. 95 ची असली तर जरा बोटभर हलवली की लागतंय, 108 ची असली तर बरीच फिरवावी लागते. छत्री तीच चालते, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा) पण बहुतेक वेळा तोच चालतो, फक्त ती छत्री तुमच्या मालकीची आहे का कंपनीनं भाड्यानं दिलीय ते कागद बघून घ्या. दिशा म्हणाल तर आपल्या भागातनं आग्नेयेला, आणि वर साधारण 60 अंशाच्या आसपास, म्हणजे छत्री खूप वर बघते असं समजा, समोर नारळ किंवा फणस आला तरी बऱ्याचदा वरनं सिग्नल मिळतो. सेटिंगला एलएनबी 9750/10600 ठेवायचं, फ्रिक्वेन्सी 11090, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500, आणि क्वालिटीची पट्टी बघत एकजण छतावर एकजण टीव्हीसमोर. स्ट्रेंग्थची पट्टी बघू नका, ती छत्री आभाळात कुठंही असली तरी भरलेली दिसते, लोक तिथंच फसतात आणि अर्धा दिवस घालवतात.

कसोटीप्रेमी

बाबांच्या मॅचबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तिथं फ्री डिश आणि खासगी डीटीएचमध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे आणि हे खूप लोकांना माहीतच नाही.

2007 चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण ज्याच्याकडं हक्क आहेत त्यानं प्रसार भारतीला द्यायचंच, जाहिरातीचे पैसे 75 टक्के हक्कवाल्याला आणि 25 टक्के प्रसार भारतीला. मग ते डीडीवर दिसतं. पण 2017 ला सुप्रीम कोर्टात निकाल झाला की हे घेतलेलं प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर म्हणजे जमिनीवरचे टॉवर आणि फ्री डिश इथंच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवर जे डीडी चॅनेल सक्तीनं दाखवलं जातं त्यावर नाही. म्हणजे काय होतं, तुमच्या बाबांनी आत्ताच्या डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर मॅचच्या वेळी तिथं दुसरंच काहीतरी चालू असणार, आणि पलीकडच्या घरी फ्री डिशवर त्याच डीडी स्पोर्ट्सवर मॅच दिसत असणार. आमच्या वडिलांनी यावरून केबलवाल्याशी भांडण काढलं होतं, त्या माणसाची काहीच चूक नव्हती.

फ्री डिशवर भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी20 येतात, वर्ल्ड कपच्या सेमीफायनल फायनल येतात, कसोटी सगळ्या नाही. आयपीएल या यादीत नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका. पण वनडेला सकाळपासून अंगणातनं ये-जा करत स्कोअर बघणारे जे आपले बाबा लोक आहेत त्यांच्यासाठी याच्यापेक्षा भारी काही नाही, माझ्या वडिलांचं शेवटच्या दोन वर्षांतलं सगळं क्रिकेट फ्री डिशवर झालं आणि त्यांना एकदाही माझ्याकडं रिचार्ज मागावा लागला नाही याचं मला आजही समाधान आहे.

आजऱ्याची_लेक

मॅचचं खरंच माहीत नव्हतं!! बाबा मला दोनदा म्हणाले होते की अमक्याच्या घरी मॅच दिसते आपल्याकडं दिसत नाही, मी म्हटलं त्यांनी पॅक मोठा घेतला असेल. आज कळलं.

पण मग आईचं काय? तिच्या मालिका गेल्या तर ती बोलणार नाही काही, चालतंय गं म्हणेल, आणि मला तेच नकोय. गावात नेटला रेंज अशी की व्हिडिओ कॉल पण अडकत अडकत होतो, त्यामुळे मोबाइलवर बघ हे चालणार नाही.

पिंगुळी_रिटर्न

पावसाचं मी सांगते, आम्ही कुडाळजवळचे, म्हणजे तुमच्याइतकाच पाऊस. ही छोटी छत्री केयू बँडवर, म्हणजे पावसात अडणाऱ्या आखूड लहरींवर चालते, जोराचा पाऊस आला की सिग्नल जातो, फ्री डिश असो की खासगी, दोघांचं सारखंच, कुणी सांगेल की आमचं जात नाही तर विश्वास ठेवू नका. फरक छत्रीच्या आकाराने पडतो. आमची आधी 60 सेंटीमीटरची होती, जुलैत संध्याकाळच्या बातम्या पूर्ण कधी ऐकल्याच नाहीत, मग 90 सेंटीमीटरची घेतली, आता अगदी आभाळ फाटल्यासारखा पडला तरच दहा-पंधरा मिनिटं जातो आणि परत येतो. जुन्या लोकांच्या अंगणात ती 6-8 फुटी सी बँडची छत्री असायची ना, तिला पावसाचा त्रास कमी, आणि तिच्यावरही पुष्कळ चॅनेल फुकट दिसतात, पण तेवढी जागा, तो खर्च आणि वारा बघता दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी तरी सुचवणार नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे सिग्नल जायचं कारण निम्म्या वेळा पाऊस नसतोच, एलएनबीच्या टोकाला पाणी शिरून कनेक्टर हिरवा पडलेला असतो. वायर एलएनबीपाशी खाली लोंबती ठेवून मग वर न्यायची म्हणजे पाणी ठिबकून जातं, आत शिरत नाही. माझे भाऊजी हे दरवर्षी मे महिन्यात बघतात, कौलं शाकारतात त्याच आठवड्यात.

हिशोबनीस

ताई तुम्ही एक किंवा दुसरं असा विचार करताय, दोन्ही ठेवा की. 350 कशाचे जातायत ते आधी बघा. 2019 ला ट्रायचे, म्हणजे फोन आणि टीव्ही कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हापासून तुम्हाला कंपनीचा तयार पॅक घ्यायची सक्ती नाही, चॅनेल सुटे सुटे घेता येतात. त्यात एक असतो नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे कनेक्शनचं भाडं समजा, तेव्हा त्याची मर्यादा 130 होती आणि 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, त्यावर पे चॅनेलचे जेवढे घ्याल तेवढे. 2024 ला ट्रायनं ती मर्यादा काढली, आता कंपनी स्वतः ठरवते, म्हणून कस्टमर केअरला फोन लावून नेमकं एवढंच विचारा की फक्त फ्री चॅनेल आणि वर हे दोन सुटे घेतले तर महिन्याला किती. ते आधी पॅकच सांगत राहतात, पण सुटे चॅनेल द्यायला नाही म्हणू शकत नाहीत. ॲपमध्ये स्वतः काढून टाकता येतात. आईचे दोन चॅनेल तिथं, बाबांचं सगळं फ्री डिशवर. आणि पुढं कधी रिचार्ज विसरलाच तर घरात टीव्ही पूर्ण काळा तरी पडणार नाही, तुमचा मूळ त्रास तोच होता ना.

त्याच 2024 च्या आदेशात आणखी एक चांगलं झालंय, एखादं पे चॅनेल जर फ्री डिशवर फुकट दिसत असेल तर ते सगळीकडंच फुकट जाहीर करावं लागतं. तेव्हा तुमच्या यादीत असं कुठलं चॅनेल असून त्याचे पैसे कापले जात असतील तर विचारा.

लेस्टरहून

इथे यूकेत बसून वाचतेय पण लिहावंसं वाटलं, कारण रिचार्ज संपला की सगळं बंद हे मला पण पटत नाही. इकडे फ्रीसॅट आहे, बीबीसी आणि आयटीव्ही यांनी मिळून 2008 ला सुरू केलं, छत्री 28.2 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे, महिन्याचे पैसे नाहीत. तसं टीव्ही लायसन्स वर्षाला भरावंच लागतं, एप्रिल 2025 ला ते 174.50 पौंड झालं होतं, म्हणजे अगदी फुकट नाही आणि त्या बाबतीत आपली फ्री डिश खरंच पुढे आहे. पण एक गोष्ट इथली चांगली वाटली. आम्ही स्कायचं (इथलं खासगी डीटीएच) सबस्क्रिप्शन बंद केलं तेव्हा जुना बॉक्स तसाच ठेवला, त्यावर रेकॉर्डिंग बंद झालं पण बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल 4 हे चालूच राहिले कारण ते सिग्नल मुळात कुलूप न लावता सोडलेले असतात. सासूबाई इकडे आल्या तेव्हा त्यावरच बघायच्या.

फ्री डिशचे चॅनेल पण असेच मोकळे, म्हणून नवीन टीव्हीत थेट लागतात. मुलांसाठी कुणाला हवं असेल तर त्याच 93.5 वर स्वयंप्रभाचे आणि पीएम ई-विद्याचे शैक्षणिक चॅनेल पण आहेत, माझा भाचा बारावीला गावी ते बघायचा, जिथे क्लास नव्हता तिथे त्याला त्याचा फार उपयोग झाला.

छत्रीवाला_सीमाभाग

हिशोबनीस म्हणतात ते बरोबर, मी पण हेच सुचवणार होतो. दोन्ही ठेवायचं तर दोन रस्ते. एक म्हणजे दुसरी छत्री, आणि तुमच्याकडं पाऊस आहे तर ती 90 सेंटीमीटरचीच घ्या. दुसरा म्हणजे आहे त्याच छत्रीवर पट्टी लावून दोन एलएनबी, 88 आणि 93.5 असं जवळचं असेल तर होतं, पण छोट्या छत्रीवर एकाचा सिग्नल थोडा पडतो आणि पावसात मग दोन्ही जातात, म्हणून मी गावाकडं दोन छत्र्याच लावतो. दोन बॉक्स, दोन वायरी, एक एचडीएमआयला आणि एक एव्हीच्या तीन पिनांना, किंवा टीव्हीला दोन एचडीएमआय असली तर उत्तमच. वायर तांब्याची आरजी 6 मागा, मीटरला दोन-चार रुपये जास्त गेले तरी चालतंय. बसवायला जो येईल त्याच्याकडनं बॉक्समध्ये सगळं स्कॅन करून सह्याद्री, डीडी स्पोर्ट्स आणि बातम्यांचे दोन-तीन चॅनेल फेव्हरेटमध्ये टाकून घ्या, नाहीतर वयस्कर माणसं शंभर चॅनेलमधनं खाली वर करून दमतात. आणि दर 1 एप्रिलनंतर एकदा रिस्कॅन, म्हणजे बॉक्सला चॅनेल परत शोधायला लावायचं, ते बाबांना शिकवून ठेवा, अवघड नाही.

आजऱ्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगते. मागच्या शनिवारी रविवारी गावी जाऊन आले. एमपीईजी 4 चा बॉक्स आणि 90 ची छत्री घेतली, खोक्यावर स्वतः वाचून घेतलं, दुकानदार आधी परत तोच स्वस्तातला पुढं करत होता. बसवायला गावातलाच मुलगा आला, तो स्ट्रेंग्थची पट्टी बघून झालं झालं म्हणत होता, मी म्हटलं दादा क्वालिटी बघ, मग छत्री अजून थोडी फिरवली आणि एकदम सगळे चॅनेल आले. समोर आमचा फणस आहे त्याची भीती होती, पण खरंच वरनं मिळालं.

जुन्या डीटीएचचा पॅक काढून आईचे दोन चॅनेल सुटे घेतले. तीन वेळा फोन करावा लागला, दर वेळी नवीन पॅक सांगत होते, शेवटी ॲपमधनंच जमलं, आता महिन्याला 200 ला दोन रुपये कमी पडतात. दोन रिमोटचा गोंधळ होईल वाटलं म्हणून फ्री डिशच्या रिमोटला लाल चिकटपट्टी लावली, बाबांना सांगितलं लाल तुमचा, काळा आईचा. रविवारी दुपारी वनडे होती. बाबांनी स्वतः डीडी स्पोर्ट्स लावलं, आणि शेजारच्या दोन काकांना हाक मारून बोलावलं, कित्येक वर्षं ते त्यांच्याकडं जायचे बघायला. आई चहा ठेवता ठेवता मला म्हणाली, आता तू विसरलीस तरी चालतंय.

रिस्कॅन कसं करायचं ते बाबांनी वहीत लिहून घेतलंय, कॅलेंडरवर 1 एप्रिलला गोल केलाय. छत्रीवालादादा, एक राहिलंच, कनेक्टरला तो मुलगा साधी काळी टेप लावून गेलाय, पावसाळ्यात टिकेल का?

छत्रीवाला_सीमाभाग

नाही टिकणार ताई, ऊन लागलं की ती टेप सुटते. हार्डवेअरच्या दुकानात रबरी सेल्फ अमाल्गमेटिंग टेप म्हणून मिळते, नाव नाही कळलं तर पाण्याच्या मोटरच्या जोडाला लावतात ती द्या म्हणा. ओढून ताणून गुंडाळायची म्हणजे ती एकजीव होते, त्याच्यावरनं मग काळी टेप. मे च्या शेवटच्या आठवड्याच्या आत करून घ्या, आजऱ्याला वळीव लवकर येतो.